नोंदी सहाशे, माणसे चाळीस : मानव-यंत्रमानव आंतरक्रियेतील पुनरावृत्त गुणांकन आणि बहुस्तरीय प्रतिमान – एक चिकित्सा

सारांश : यंत्रमानवाविषयी माणसांना काय वाटते, हे जाणून घेण्यासाठी एकाच व्यक्तीकडून वारंवार गुणांकन घेतले जाते. अशा नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. तरीही त्या स्वतंत्र मानून निष्कर्ष काढले जातात, आणि त्यामुळे निष्कर्षांना नसलेले बळ प्राप्त होते. बहुस्तरीय प्रतिमान हा त्यावरील योग्य उपाय आहे. परंतु आराखड्यात जी माणसे, जे यंत्रमानव व ज्या शाळा नाहीत, त्यांची उणीव कोणतेही प्रतिमान भरून काढू शकत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा ऊहापोह केला आहे.

बीजसंज्ञा : पुनरावृत्त मापन, गुणांकन, बहुस्तरीय प्रतिमान, वर्गांतर्गत सहसंबंध, मानव-यंत्रमानव आंतरक्रिया.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकऱ्याला संख्याशास्त्र शिकवावे लागत नाही. पीक कापणी प्रयोगाने ते त्याच्या बांधावर आणून ठेवले आहे. महसूल मंडळातील काही गावे निवडली जातात, गावातील काही शेते निवडली जातात, आणि शेतातील ठरावीक मापाचा तुकडा कापून उत्पन्न मोजले जाते. त्या आकड्यांवरून संपूर्ण मंडळाचे उत्पन्न ठरते आणि पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हेही ठरते. अशा वेळी एखाद्याने एकाच शेतातून दहा तुकडे कापले आणि 'दहा शेतांचे उत्पन्न मोजले' असे लिहिले, तर पारनेरचा किंवा पाथर्डीचा कोणताही शेतकरी त्यास हरकत घेईल. एका शेताची माती एक, पाणी एक, मशागत करणारा हात एक. तेथील दहा तुकडे म्हणजे दहा शेते नव्हेत.

ही साधी हरकत संशोधनपर लेखनात मात्र वारंवार विसरली जाते. मानव-यंत्रमानव आंतरक्रिया ही तुलनेने नवी ज्ञानशाखा आहे. या विषयाला वाहिलेली पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००६ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे भरली. यंत्रमानव किती मानवसदृश वाटतो, किती आवडतो, किती बुद्धिमान वाटतो, त्याच्याजवळ किती सुरक्षित वाटते, असे प्रश्न या शाखेत विचारले जातात. क्रिस्टोफ बार्टनेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली 'गॉडस्पीड' प्रश्नावली यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत परस्परविरोधी विशेषणांच्या जोड्या असतात व उत्तरदाता १ ते ५ यांपैकी एक अंक निवडतो. हेच अंक पुढे संशोधनाचे पीक ठरतात. ते पीक किती शेतांतून आले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. नोंद आणि व्यक्ती

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक आराखडा घेऊ. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात ४० विद्यार्थ्यांना तीन यंत्रमानव दाखविले. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक यंत्रमानवाबरोबर पाच सत्रे केली व प्रत्येक सत्रानंतर गुण दिले. एकूण नोंदी ६००. 'नमुना संख्या ६००' असे लिहून त्यावर सार्थकतेची कसोटी लावणे, ही पहिली आणि सर्वांत सामान्य चूक होय.

ही चूक का होते, हे शिक्षकवर्गाला समजणे अवघड नाही. उत्तरपत्रिका तपासताना एखादा परीक्षक सढळ हाताने गुण देतो, तर दुसऱ्याचा हात आखडता असतो. सढळ परीक्षकाने दिलेले पंधराही गुण वरच्या बाजूला झुकतात. ते पंधरा पुरावे नसून एकाच स्वभावाचे पंधरा ठसे असतात. एकूण प्रचरणापैकी जो भाग व्यक्तिव्यक्तींमधील फरकामुळे निर्माण होतो, त्याच्या प्रमाणास वर्गांतर्गत सहसंबंध म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ०.४ आहे असे मानू. प्रत्येक व्यक्तीच्या १५ नोंदी असल्याने अभिकल्प परिणाम १ + (१५ – १) × ०.४, म्हणजे ६.६ येतो. सर्वसाधारण सरासरीच्या दृष्टीने ६०० नोंदींचे मोल ६०० ÷ ६.६, म्हणजे सुमारे ९१ स्वतंत्र नोंदींइतकेच उरते.

तथापि येथेच थांबणे अर्धसत्य ठरेल. नोंदींचे परस्परावलंबन विसरल्यास चूक नेहमी एकाच दिशेने होते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो बरोबर नाही. दोन यंत्रमानवांची तुलना त्याच त्या व्यक्तीने केली असेल, तर तिचा सढळपणा दोन्ही बाजूंना सारखाच येतो व वजाबाकीत निघून जातो. एकूण प्रचरण १ मानू, त्यापैकी ०.४ व्यक्तींचे व ०.६ उर्वरित. प्रत्येक यंत्रमानवाच्या २०० नोंदी स्वतंत्र धरल्या, तर सरासरींच्या फरकाची प्रमाणत्रुटी ०.१० येते. व्यक्तींचा सढळपणा वेगळा काढल्यास ती सुमारे ०.०७७ वर येते. म्हणजे येथे व्यक्ती विसरणाऱ्याने स्वतःच्याच पुराव्याला कमी लेखले.

परंतु आणखी एक पायरी शिल्लक आहे. सर्व माणसांना दोन यंत्रमानवांमधील फरक सारखाच जाणवतो, असे मानण्यास आधार नाही. एखाद्याला बोलका यंत्रमानव फार आवडेल, दुसऱ्याला त्याच बोलकेपणाचा त्रास होईल. या व्यक्तिगत फरकाचे प्रचरण ०.३ असल्यास ते ४० व्यक्तींत विभागले जाऊन प्रमाणत्रुटी सुमारे ०.११६ होते; म्हणजे मूळच्या ०.१० पेक्षाही अधिक. महत्त्वाचे असे की, सत्रे पाचांऐवजी पन्नास केली तरी ही त्रुटी ०.०८७ च्या खाली उतरत नाही. ती खाली आणावयाची तर अधिक माणसे हवीत. एकाच शेतात कितीही तुकडे कापले तरी दुसऱ्या शेताची माहिती मिळत नाही, या शेतकऱ्याच्या हरकतीचेच हे गणिती रूप होय.

३. पद्धतीची कुळकथा

बहुस्तरीय प्रतिमान ही संगणकयुगाची देणगी आहे, असा समज अनेकदा दिसतो. वस्तुतः तिचे मूळ शेतात आणि गोठ्यात आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. पीक उत्पन्नाच्या अंदाजासाठी बहुटप्पी नमुना पाहणीची पद्धत भारतात उभी करण्यात त्यांचा व वि. गो. पानसे यांचा वाटा मोठा होता. गावागावांतील फरक, शेताशेतांतील फरक आणि एकाच शेतातील तुकड्यांमधील फरक हे वेगवेगळे मोजावेत, हा त्या पद्धतीचा गाभा होता. पानसे-सुखात्मे यांचा कृषी संख्याशास्त्रावरील १९५४ चा ग्रंथ कृषी शिक्षणात दीर्घकाळ आधारभूत मानला गेला.

गोठ्याची कथा अमेरिकेतील आहे. चार्ल्स हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दुभत्या जनावरांच्या निवडीसाठी मिश्र प्रतिमानाची समीकरणे विकसित केली. एकाच गाईच्या अनेक वेतांतील दुधाच्या नोंदी असतात. अनेक गाई एकाच गोठ्यात असतात. अनेक गाई एकाच वळूच्या कन्या असतात. दूध अधिक आले ते गाईच्या गुणामुळे, की गोठ्यातील चाऱ्यामुळे, हे वेगळे केल्याशिवाय वळूची निवड होऊ शकत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय विकसित केली. त्या जिल्ह्यातील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

शिक्षणक्षेत्रात या पद्धतीचे महत्त्व एका वादातून पटले. नेव्हिल बेनेट यांनी १९७६ मध्ये इंग्लंडमधील प्राथमिक शाळांच्या अभ्यासावरून असे प्रतिपादन केले की, पारंपरिक अध्यापनशैलीने मुलांची प्रगती अधिक होते. या निष्कर्षाचा मोठा गवगवा झाला. त्या विश्लेषणात प्रत्येक मूल स्वतंत्र एकक धरले होते. परंतु मुले वर्गांत बसलेली होती आणि अध्यापनशैली ही शिक्षकाची होती. मरे एट्किन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे परस्परावलंबन लक्षात घेऊन पुनर्विश्लेषण केले, तेव्हा पूर्वीचा ठाम निष्कर्ष टिकला नाही. विशेष उल्लेखनीय बाब अशी की, या पुनर्विश्लेषणाच्या लेखकांत स्वतः बेनेटही होते. आपला गाजलेला निष्कर्ष स्वतःच तपासावयास घेण्याचा हा प्रांजळपणा कोणत्याही कसोटीहून मोलाचा आहे.

४. यंत्रमानवांची संख्या किती?

व्यक्तींची दखल घेतली, तरी दुसरी बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. 'मानवसदृश यंत्रमानव यंत्रसदृश यंत्रमानवापेक्षा अधिक आवडतो' असा निष्कर्ष काढताना प्रत्येक प्रकारचा एकेकच यंत्रमानव वापरलेला असतो. मग आवडला तो मानवसदृशपणा, की त्या विशिष्ट यंत्राचा रंग, उंची वा आवाज? माणसे ४० ऐवजी ४,००० घेतली तरी हा प्रश्न सुटत नाही.

भाषा-मानसशास्त्रात हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्येच हा दोष दाखवून दिला होता. प्रयोगात वापरलेले मोजके शब्द म्हणजे संपूर्ण भाषा नव्हे. म्हणून शब्द हाही नमुना मानला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. चार्ल्स जड, जेकब वेस्टफॉल व डेव्हिड केनी यांनी २०१२ मध्ये हाच मुद्दा सामाजिक मानसशास्त्रासाठी नव्याने मांडला. व्यक्ती आणि उद्दीपक असे दोन्ही यादृच्छिक घटक एकाच प्रतिमानात घेणे आता संगणकीय दृष्ट्या सुलभ झाले आहे. मात्र त्यासाठी उद्दीपक पुरेसे असावे लागतात. माया माथूर व डेव्हिड रीचलिंग यांनी २०१६ च्या अभ्यासात प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या ८० यंत्रमानवांचे चेहरे वापरले. प्रत्यक्ष यंत्रे ८० आणणे कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयास शक्य नाही, हे मान्य. पण छायाचित्रे व चित्रफिती यांच्या साहाय्याने ही दिशा स्वीकारता येते. तेही शक्य नसेल, तर निष्कर्ष 'या दोन यंत्रांपुरता' असल्याचे एका वाक्यात लिहिता येते. त्याला काहीच खर्च येत नाही.

ज्वारीच्या भाकरीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. रब्बी ज्वारीचे नवे वाण पुढे येते तेव्हा त्याच्या भाकरीची चव, रंग व मऊपणा यांना चाखणाऱ्यांकडून गुण दिले जातात आणि तुलना बहुधा मालदांडीशी होते. एकाच तव्यावरच्या एकाच भाकरीचे वीस घास वीस जणांना दिले, तर त्या भाकरीविषयी पुष्कळ कळेल. वाणाविषयी फारच थोडे. पीठ कोणत्या शेतातले, थापणारा हात कोणाचा, तवा किती तापलेला, हे सर्व त्या एका भाकरीत मिसळलेले असते. यंत्रमानवाच्या अभ्यासात 'एकच भाकरी' हाच बहुधा आराखडा असतो.

५. मराठी प्रश्नावलीचा प्रश्न

परदेशी प्रश्नावली मराठीत आणताना एक वेगळी अडचण उद्भवते व तीही स्तरांचीच आहे. मराठीत 'यंत्रमानव बोलतो' असे म्हणताच क्रियापदाने त्याला पुल्लिंग बहाल केलेले असते. यंत्राला स्त्रीचा आवाज असला तरी वाक्य पुरुषाचेच राहते. इंग्रजी प्रश्नावलीत हा प्रश्न या रूपात उद्भवत नाही. दुसरे असे की, यंत्रमानवाने उत्तरदात्याला 'तू' म्हणावे, 'तुम्ही' म्हणावे की 'आपण', यावर त्याची आवड अवलंबून असणे स्वाभाविक आहे. सातवीतल्या मुलाला 'आपण' हसू आणील. अकोल्याच्या डोंगराळ भागातील वयस्क शेतकऱ्याला 'तू' खटकेल. म्हणजे 'आवड' हा गुण केवळ यंत्राचा नसून व्यक्ती आणि यंत्र यांच्या नात्याचा आहे.

सरासरीत ही दोन्ही माणसे परस्परांना खोडून काढतात आणि 'संबोधनाचा परिणाम आढळला नाही' असा निष्कर्ष उरतो. बहुस्तरीय प्रतिमान प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा उतार देते. त्यामुळे सरासरी परिणाम शून्य असूनही व्यक्तींमधील तफावत मोठी असल्याचे उघड होते, आणि वय हे चल त्या तफावतीचे स्पष्टीकरण देते काय, हे तपासता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीचे खरे मोल येथे आहे. तिच्यामुळे त्रुटीचा हिशेब शुद्ध होतोच, शिवाय सरासरीत बुडालेला माणूस पुन्हा दिसू लागतो.

प्रश्नावलीतील विशेषणे हाही एक स्तरच आहे. शिवाय १ ते ५ हे अंक क्रमवाचक आहेत. २ आणि ३ यांतील अंतर ४ आणि ५ यांतील अंतराइतकेच असते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. टॉरिन लिडेल व जॉन क्रुश्की यांनी २०१८ मध्ये दाखविले की, क्रमवाचक अंकांना सरळ मापन मानल्यास प्रसंगी नसलेला परिणाम दिसतो, असलेला दडतो, इतकेच नव्हे तर परिणामाची दिशाही उलटू शकते. यासाठी क्रमवाचक बहुस्तरीय प्रतिमाने उपलब्ध आहेत.

६. काळ आणि गळती

यंत्रमानव प्रथम पाहताना वाटणारे नवल टिकत नाही. पहिल्या दिवशीचे पाच गुण पंधराव्या दिवशी तीनवर येऊ शकतात. पुनरावृत्त गुणांकनाचा हेतूच मुळी हा बदल पाहण्याचा असावयास हवा. सर्व सत्रांची सरासरी काढणे म्हणजे मुद्दाम गोळा केलेली माहिती टाकून देणे होय. सत्राचा क्रमांक प्रतिमानात घेतल्यास प्रत्येक व्यक्तीचा प्रारंभबिंदू व उतार वेगळा मिळतो. तसेच ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर स्थलांतर करणारी मुले मधल्या सत्रांना गैरहजर राहिली, तर पारंपरिक प्रचरण विश्लेषणात त्यांच्या सर्वच नोंदी वगळाव्या लागतात. बहुस्तरीय प्रतिमान उपलब्ध नोंदींचा उपयोग करून घेते. तथापि ज्यांना यंत्रमानव आवडला नाही तेच येईनासे झाले आणि त्याचा मागमूस आधीच्या गुणांतही नसेल, तर हा दोष प्रतिमानानेही दूर होत नाही. गैरहजेरीचे कारण विचारून नोंदविणे हेच तेथे संशोधकाचे काम असते.

७. नव्या फॅशनचे धोके

येथवरच्या विवेचनावरून बहुस्तरीय प्रतिमान हा रामबाण उपाय आहे, असा समज होऊ नये. मुक्त संगणक प्रणालींमुळे ते आता एका ओळीच्या आज्ञेत बसते व म्हणूनच अलंकारासारखे वापरले जाण्याचा धोका आहे. डेल बार व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आराखड्याला झेपतील तेवढे सर्व यादृच्छिक परिणाम ठेवावेत, असा आग्रह धरला. हानेस मातुशेक व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असा अतिरेक प्रतिमानाची परिणाम ओळखण्याची क्षमता घटवू शकतो, असे दाखविले. या वादात सोयीची बाजू निकाल पाहून निवडणे, हा खरा अपराध होय. कोणते प्रतिमान वापरणार, हे सामग्री हाती येण्यापूर्वी लिहून ठेवावे.

दुसरा धोका मोजक्या गटांचा आहे. चार शाळांमधील नोंदी घेऊन 'शाळा' हा यादृच्छिक स्तर मानला, तर त्या स्तराचे प्रचरण केवळ चार मूल्यांवरून काढले जाते; ते शून्य आले तरी शाळांत फरक नाही, असे सिद्ध होत नाही. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठ व अमृता विश्व विद्यापीठम् यांच्या संशोधकांनी केरळमधील वायनाडच्या एका प्राथमिक शाळेत हात धुण्याची सवय लावणारा 'पेपे' हा हाताच्या आकाराचा यंत्रमानव बसविला. हात धुण्याच्या प्रमाणात सुमारे ४० टक्के वाढ झाल्याचे त्यांनी नोंदविले. ग्रामीण भारतातील हा प्रयत्न स्वागतार्हच आहे. परंतु शाळा एक व यंत्र एक असताना 'भारतीय शाळांत यंत्रमानव उपयुक्त ठरतो' असे विधान वाचकाने त्यातून काढू नये. शाळेच्या स्तरावरील नमुना संख्या तेथे एक आहे आणि एकावरून तफावत काढता येत नाही.

८. समारोप

हा वाद केवळ तज्ज्ञांचा आहे, असे मानणे योग्य होणार नाही. उद्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी यंत्रमानव घ्यावा की त्याच पैशात एक शिक्षक वा पाण्याची टाकी द्यावी, असा प्रश्न उभा राहील, तेव्हा समोर ठेवला जाणारा अहवाल अशाच गुणांकनांवर आधारलेला असेल. त्यात 'सहाशे नोंदींवरून सिद्ध' असे लिहिले असेल व ती माणसे चाळीसच होती हे कोणी विचारणार नाही, तर चुकीची किंमत त्या शाळेतील मुले मोजतील.

म्हणून पुनरावृत्त गुणांकनावरील प्रत्येक लेखात किमान पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : व्यक्ती किती, यंत्रमानव किती, शाळा वा गावे किती व प्रत्येकाच्या नोंदी किती; प्रत्येक स्तरावरील प्रचरण किती; गळती किती व का; आणि निष्कर्ष कोणत्या स्तरापर्यंत लागू आहे. परीक्षकांनीही सार्थकतेच्या आकड्याआधी हे चार प्रश्न विचारावेत. साधने तोकडी असलेल्या महाविद्यालयाला हे अवघड नाही. तीस माणसे, दोन यंत्रे आणि प्रांजळ मर्यादा असलेला लेख सहाशे नोंदींच्या आभासापेक्षा अधिक काळ टिकेल.

पीक कापणीच्या वेळी शेतकरी पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी विचारतो, "तुकडा कोणत्या शेतातला?" संशोधनलेखाच्या वाचकानेही तोच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.